धुरपताबाईचं लुगडं आणि काळी गाडी

भैयाजी,

तुम्हाला पत्र लिहून काही उपयोग नाही, हे मला कळतं. होतात तेव्हाही चार ओळींच्या वर तुम्ही कधी वाचलं नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर तेवढा लागायचा, तोही चष्मा सापडत नाही म्हणून माझ्याकडून वाचून घ्यायचात. आता तर तेही नाही. तरी बोलते. आपल्या दोन घरांमधली भिंत एकच, आणि तुमच्या गोठ्यात खिळ्याला लटकलेला तो निळा हातमोजा माझ्या न्हाणीच्या खिडकीतून रोज दिसतो. त्यात कोळ्यानं घर केलं आहे. परवा नवा पोस्टमन विचारत होता, गोठ्यात ना गाय ना बैल, मग हे काय टांगलंय? त्याला उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून आता सगळं सांगते. तुमच्या तोंडावर कौतुक केलं तर तुम्ही उठून जायचात, आणि चुका काढल्या तरी उठूनच जायचात. तेव्हा एखाद्या तिसऱ्याच माणसाचं सांगावं तसं सांगते.

भैयाजी उगेमुगे नाचणगावचे. नाचणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये आता बोट घालायला जागा उरलेली नाही, पण कुणी त्यांना पुलगावचे म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. शेत बेताचं. कापूस, त्यात मधून तुरीचे तास, म्हणजे ओळी. गावात ओळख दोन गोष्टींसाठी: तोंडातून शब्द निघत नाही, आणि बैल दुधासारखे पांढरे. जोडी गौळाऊ जातीची, चांद्या आणि लखन्या. पोळ्याला तोरणाखाली ती जोडी उभी राहिली की बाकीच्यांचे बैल न धुताच आणल्यासारखे दिसायचे, आणि ते लोक तसं कबूलही करायचे.

त्या धुण्याची एक रीत होती. आधी कोरड्या हातानं अंगावरची धूळ झाडायची. मग नाल्यात उभं करून गवताच्या बोळ्यानं रगडायचं. डोळे आणि नाकपुड्यांच्या कडा मात्र वेगळ्या. त्यांना बोळा नाही, पंचा नाही, फक्त बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. "डोयाले दुसरं काई लावायचं नाई," असं भैयाजी म्हणायचे. वर्षभरात ऐकू येणाऱ्या त्यांच्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक. धुरपताबाई तो तुकडा आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायची आणि मगच द्यायची. म्हणायची, "माह्या गालाले नाई टोचत, मंग तुमच्या लखन्याले काय टोचते?"

धुरपताबाई तापाच्या निमित्तानं गेली. तिच्या मागं चारापाणी बघायला घरात कुणी नाही, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात बैल हिंगणीच्या एका माणसाला विकले. त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी भैयाजी सकाळीच शेतात जाऊन बसले ते अंधार पडल्यावर परतले. धुरपताबाईची लुगडी रिवाजाप्रमाणे बहिणींनी, भावजयींनी वाटून नेली. एक उरलं, ते भैयाजींनी दिलं नाही. हिरवं, लाल काठाचं. लेकीला औषधशास्त्राची पदवी मिळाली तेव्हा हेच नेसून धुरपताबाई नागपूरला गेली होती, आणि मग मेल्या बाईनं ते एवढं भारी लुगडं रोजच्याला काढलं. धुऊन धुऊन त्याचा पोत सायीसारखा झाला होता. ते पेटीत तळाशी राहिलं.

लेक म्हणजे मेघा. देवळीला सरकारी दवाखान्यात औषधं देते. हुशार, कामसू, आणि रागाच्या बाबतीत काडेपेटी. बसची वाट बघून कंटाळली आणि तिनं गाडी घेतली. काळीभोर, चकचकीत. ठेवायची कुठं? तर गोठ्यात. दार रुंद केलं, जमीन सारखी केली, गव्हाण तेवढी भैयाजींनी काढू दिली नाही. गाडी गव्हाणीकडे तोंड करून उभी राहायला लागली.

बापूराव हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. पहिल्याच दिवशी गोठ्याच्या दारात येऊन चाऱ्याची चौकशी करत म्हणाला, "काऊन भैयाजी, हिले कुटार टाकतं का ढेप?"

"पेट्रोल पिते ते."

"शेण त टाकत नाई न? मंग फायद्याची हाय गड्या."

भैयाजी हसले. धुरपताबाई गेल्यानंतर गोठ्यात कुणी हसल्याची ती पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवसापासून ते गाडी धुवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला पहाटे उठून गोठ्यात जायची सवय, आणि इतके दिवस त्या सवयीला जायला जागा नव्हती. आता मिळाली. प्रश्न एवढाच की पुसायचं कशानं? भैयाजींनी हे निवडायला तीन-चार दिवस घेतले, एखाद्या पोरीसाठी स्थळ बघावं तसे. बाजारातून आणलेला जाडा टॉवेल ओठावर फिरवून पाहिला. त्याची शिवलेली कड टोचली. जुन्या बनियनला शिवणी. पुलगावच्या दुकानदारानं दिलेला स्पंज एकदा फिरवला, तर त्याच्या सपाट अंगाला रेतीचे कण तसेच चिकटून बसलेले दिसले. तो त्यांनी न्हाणीत टाकला. काळ्या रंगाला काही सहन होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. बैलाचे डोळे तेवढे जपायचे असतात, हिचं तर सगळं अंगच डोळ्यासारखं. मग डोळ्याला काय लावायचं, हे तर ठरलेलंच होतं.

त्यांनी पेटी उघडली.

लुगडं फाडताना काठापाशी हात थांबला. काठ जाड, पिळाच्या सुताचा, मधल्या पोतासारखा मऊ नाही. तो काढून टाकावा असं त्यांच्या मनात आलं. आणि काढला असता तर पुढचं बरंच टळलं असतं, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पण काठ काढला की उरतं ते कुणाचंही फडकं. लाल काठ होता म्हणून ते धुरपताचं होतं. त्यांनी काठासकट तुकडे केले.

मग रोज सकाळी तीच जुनी रीत. आधी कोरड्या तुकड्यानं धूळ झाडायची, बैलाची झाडायचे तशी. मग एकच बादली, तिच्यात तुकडा बुडवायचा, अंग पुसायचं, पुन्हा त्याच पाण्यात बुडवायचा. देवळीच्या रस्त्याची मुरमाड धूळ रोज गाडीवर यायची आणि रोज त्या काठात जाऊन बसायची. भैयाजींना ते दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो सकाळी आरशासारखा चमकणारा पत्रा, आणि त्यात दिसणारं आपलं तोंड. पुसता पुसता ते हळू आवाजात बोलायचे. तूर कशी आहे, मेघा रात्री किती वाजता आली, बापूरावचा गुडघा. गाडीशी बोलायचे की हातातल्या तुकड्याशी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस त्या वेळात चाळीस बोलायचा, आणि चेहऱ्यावर रया आली होती हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

उन्हाळा लागला. दवाखान्यासमोर भर उन्हात गाडी उभी होती. मेघाबरोबर काम करणारी जागृती, तेव्हा तिला दिवस गेलेले होते, ती सावलीत उभं राहून म्हणाली, "अगं मेघा, गाडी वाळूनं घासली का कुणी? सगळीकडून कोळ्याचं जाळं दिसून राह्यलं."

मेघानं वाकून पाहिलं. सूर्याचं प्रतिबिंब जिथं पत्र्यावर पडलं होतं त्याच्याभोवती बारीक बारीक गोल ओरखडे, बोनेटपासून डिकीपर्यंत. सकाळच्या गोठ्यात ते कधी दिसले नव्हते.

संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढता गोठ्यात.

"बाबा, गाडी कशानं पुसता तुमी?"

"फडक्यानं."

"कोणत्या फडक्यानं?"

"सुती हाय. नरम हाय."

"नरम! इकडं या. हे पाहा." तिनं मोबाईलचा उजेड पत्र्यावर धरला. "हे गोल गोल काय हाय? सुकी धूळ घासून राह्यले तुमी रोज! धूळ म्हणजे बारीक गोटेच असतात न बाबा. पहिले पाणी मारायचं असते, मंग हात लावायचा असते. हा का बैल हाय, केस येऊन झाकून जाईन?"

भैयाजी उजेडाकडे बघत राहिले. त्यांना जाळं दिसलं, आणि आपणच ते विणलं हेही दिसलं.

मेघानं बादलीतले तुकडे उपसले. काळे, मातकट, वाळून कडक झालेले. "या चिंध्या! याचा काठ त पाहा, कानशीसारखा झाला. कुठून उचलून आणल्या?" आणि बाहेर जाऊन तिनं ते सगळे उकिरड्यावर भिरकावले.

"मेघे, ते..."

"ते काय?"

"काई नाई."

इथं बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण भैयाजींचा जन्म गेला योग्य वेळी गप्प बसण्यात. त्यांना वाटलं, पोरीची गाडी खराब झाली ते एक दुःख तिला पुरे. आईचं लुगडं आपण फेकलं हे दुसरं कशाला द्या. सकाळी ती गेली की उचलून आणू, धुऊन ठेवू, असा त्यांनी हिशेब केला.

सकाळी मेघा गेली आणि भैयाजी उकिरड्याकडे गेले, तर तिथं खड्डा. खत शेतात नेऊन टाक म्हणून त्यांनीच बापूरावला महिनाभर मागं लागून सांगितलं होतं, आणि बापूरावला नेमकी त्याच पहाटे सवड मिळाली. ट्रॉली भरून गेली होती.

"कुठं टाकलं बापू?"

"कुठं म्हंजे? तुह्याच वावरात. पसरवलंबी. चहा पाज आता."

भैयाजींनी चहा पाजला आणि शेतात गेले. दुपारपर्यंत काठी घेऊन खत उलटंपालटं करत फिरले. एवढ्या शेतात बोटभर रुंदीचा काठ कुठं सापडतो? संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवले. जिथं धुरपताबाई जन्मभर तण निंदायला बसली त्याच तासांत तिचं लुगडं गेलं, असं त्यांनी स्वतःला समजावलं असेल. मला तसं ते एकदा म्हणाले होते. समजूत पटली असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

मेघाचा राग जसा पेटतो तसा विझतोही. चार दिवसांनी पार्सल आलं. दोन निळे हातमोजे, मेंढराच्या अंगासारखे लांब केसाळ, आणि बिनकाठाचे दोन मऊ टॉवेल. रविवारी तिनं बापाला समोर उभं करून शिकवलं.

"पहिले नुसतं पाणी. धूळ वाहून जाऊ द्यायची. मंग हा घालायचा हातात. याचे केस लांब हायेत न, कण आत वर ओढून घेते, पत्र्याले लागू देत नाई. एका बादलीत साबण, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मंगच साबणात. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, त्याले दुसरा मोजा. आणि पुसताना घासायचं नाई, टॉवेल नुसता ठेवायचा न उचलायचा. जखम टिपतात तसं."

"हं."

"आणि खाली पडला न बाबा, त मंग तो गाडीले लावायचा नाई. धुतल्याबिगर त नाईच नाई."

"म्हंजे सोवळ्यातला हाय तर."

मेघा खळखळून हसली. "हो, सोवळ्यातला!"

भैयाजी शिकले. हाताला वळण होतंच. पत्र्यावर नवा ओरखडा उठला नाही. पण ते बोलेनासे झाले. एकदा बापूरावनं विचारलं तर म्हणाले, "मोज्यात हात घातला का समजतच नाई कुठं फिरून राह्यला." गाडी धुतली जात होती. बाकी काही नाही.

पोळ्याच्या सुमाराला जागृती बाळंत झाली, मुलगी झाली. आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड घालत नाहीत. घरातल्या बाईचं जुनं, मऊ लुगडं फाडून त्याची दुपटी करतात. जागृतीची आई नाही, सासू नाही. मेघाच्या मनात आलं, आपल्या आईचं लुगडं द्यावं. अर्धं तिच्या बाळाला, अर्धं आपल्यासाठी ठेवावं. तिनं पेटी उघडली.

भैयाजी गोठ्यात होते. हातात मोजा, मोज्यातून फेस गळतोय.

"बाबा, आईचं हिरवं लुगडं कुठं ठेवलं?"

"असंल न पेटीत."

"पेटी पूर्ण काढली मी. नाई हाय."

भैयाजींनी मोजा साध्या पाण्यात बुडवला. पुन्हा बुडवला. मेघा दारातच उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग जिथं उन्हाळ्यात उकिरडा होता तिकडे.

"लाल काठ होता त्याले," ती म्हणाली.

"हो."

ती गव्हाणीच्या कडेवर बसली.

"काऊन नाई सांगितलं तुमी मले?"

"सांगून काय झालं असतं? तू रागात होती."

"रागात होती म्हणून आईचं लुगडं फेकू द्याचं?"

"गाडी खराब झालती न तुही."

"गाडी घाला चुलीत!" ती ओरडली, आणि मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. भैयाजींचा हात पुढं झाला, पण त्यात ओला मोजा होता. तो काढेपर्यंत ती उठून घरात गेली होती.

यानंतर मेघानं जे केलं ते मायेपोटीच केलं, हे मी शपथेवर सांगेन. तिला वाटलं, आपल्या गाडीपायी या माणसाला हे सोसावं लागलं. आता याच्या हाताला हे काम नको. "बाबा, आता तुमी हात नका लावू. पुलगावला धुऊन मिळते, मी तिकडंच देत जाईन." भैयाजींनी ऐकलं ते एवढंच की हात नका लावू. ते "बरं" म्हणाले. मोजा धुतला, पिळला, खिळ्याला टांगला. सकाळी उठून गोठ्यात जायचे, काही वेळ उभे राहायचे, परत यायचे. दोघं एकमेकांना जपत होती, आणि त्या जपण्यात घरातलं बोलणं अजून कमी झालं.

भैयाजी, आता पुन्हा तुमच्याशीच बोलते, कारण इथून पुढचं तुमचं नि माझं आहे.

तुम्ही मला हे सगळं मधल्या भिंतीवरून सांगितलंत, तेही मी चारदा खोदून विचारल्यावर. ऐकून मी आत गेले आणि वाकळ घेऊन आले. आठवतं? धुरपता नि मी उन्हाळ्यात ओसरीवर बसून वाकळा शिवायचो, माझ्या जुन्या साड्या तिच्या वाकळेत, तिची लुगडी माझ्या. त्या हिरव्या लुगड्याची जोडी होती. दोन एकसारखी घेतली होती तिनं, त्यातलं आधी विरलेलं माझ्या वाकळेच्या मधल्या थरात आहे. कोपऱ्यात टाका सुटला आहे, तिथून बोट घातलं की लाल काठ लागतो. तुम्ही बोट घातलंत. किती तरी वेळ काढलं नाहीत.

मी म्हटलं, "कात्री आणते, आत्ता उसवू."

तुम्ही म्हणालात, "टाके त तिचेच हायेत न, बाई. तेबी मीच फाडू?"

"मग काय, असंच ठेवायचं?"

"मेघाले घेऊन येतो रविवारी. तिले उसवू द्या. तिच्या हातानं निघालं पायजे."

मला ते पटलं. मला सहसा कुणाचं पटत नाही. पण त्या रविवारी मेघाची बदलीची गडबड निघाली, तिला आर्वी मिळालं. पुढच्या रविवारी सामान बांधणं. एकट्या बापाला मागं ठेवायचं नाही म्हणून ती तुम्हाला घेऊन गेली. तुम्ही पुढच्या सीटवर बसलात, मांडीवर पिशवी, आणि काच खाली करून मला म्हणालात, "येतो बाई. थंडीत येतो, तिले घेऊन. तवा करू." मेघानं विचारलं, "काय करायचं हाय बाबा?" तुम्ही म्हणालात, "काई नाई, हाय एक काम." पुन्हा तेच काई नाई! गाडीतच सांगून टाकायचं होतं, रस्ता चांगला लांब होता.

थंडी आली आणि तुमची छाती भरली. आर्वीहून निरोपच आला.

मेघा मध्ये येऊन गेली. घराला कुलूप लावलं, गोठ्याचं दार ओढून घेतलं. माझ्या पाया पडली. मोजा तिनं पाहिला आणि काढला नाही. वाकळ मी तिच्या हातात ठेवू शकले असते. पण माझ्या हातून गेली तर ती शेजारच्या म्हातारीनं दिलेली एक वाकळ. तिच्यासमोर बसून, आत काय आहे ते सांगून द्यायची होती ती तुम्ही. बाप म्हणून आयुष्यात एकदा चार वाक्यं सलग बोलायची होती.

वाकळ माझ्या पेटीवर घडी करून ठेवलेली आहे. वर कात्री. कोपऱ्यातला तो एक सुटलेला टाका सोडला, तर धुरपताचे सगळे टाके जागच्या जागी आहेत.